गाडीच्या शिटीवर मारलेल्या फुल्या

मी गणितात कच्चा नव्हतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणायचं की बेरीज चुकली असेल. बेरीज मी सात वेळा केली. कागद दोन होते, दोन्ही माझ्या हातचे, दोन्ही एकाच जिनिंगचे, आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. आज ऐंशीला टेकलो, तरी त्यातला खरा कोणता म्हणून विचारलंत तर मी तुमच्या तोंडाकडे बघत बसेन.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. नांदुऱ्याच्या बाजूला, रेल्वेलाइनीला अगदी लागून आमची जिनिंग होती, सोसायटीची. दिवाळीपासून होळीपर्यंत चाले. वडनेर भोलजीकडून, पार वरवट बकालकडून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येत. आत बारा रेचे. रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. प्रत्येकापुढे एक बाई उभी, तिने दिवसभर मूठमूठ कापूस घालत राहायचं. एक तेलाचं इंजिन लांब पट्ट्यावर सगळे रेचे फिरवी. सातव्या रेच्यावर माझी माय होती.

मी मामाकडे वडनेरला राहून मॅट्रिक झालो आणि त्याच जिनिंगमध्ये कारकून लागलो. सगळ्या बाया मला बाबू म्हणायच्या. मायसुद्धा. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की, "काय बाबू, जेवले का?" असं मुद्दाम मोठ्यानं विचारायची आणि बाकीच्या अकरा जणी फिदीफिदी हसायच्या. माझे कान तापायचे.

त्या हंगामात बंड्यांची रांग सडकेपर्यंत जायला लागली. कास्तकार दोन-दोन दिवस बैलांसकट ताटकळत. मॅनेजर साहेब पुण्याकडचे, बोलणं एकदम स्वच्छ. त्यांनी मला बोलावलं.

"वेळ नेमका कुठे जातो आहे, ते मला कागदावर हवं," ते म्हणाले. "सोसायटीच्या समितीचं म्हणणं, बायका कुचराई करतात. आपोआप कापूस ओढणारे नवे रेचे आलेत म्हणे बाजारात. ते घेतले की बाई लागणार नाही. तुम्ही मोजा. कागद जे म्हणेल ते करू."

कागद जे म्हणेल ते! म्हणजे मी जे लिहीन ते. कागदानं बाया आळशी म्हटल्या की बाराच्या बारा घरी, आणि त्यातली सातवी माझी माय. तिला मी काही बोललो नाही. म्हटलं, प्रामाणिकपणे मोजू, आहे ते निघेल. खरं म्हणजे काय ते मला माहीत आहे असं तेव्हा वाटायचं. काय ते वय!

हायस्कुलाच्या कवायत मास्तरांकडून मी धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ मागून आणलं, वरचं बटण दाबलं की सुरू आणि पुन्हा दाबलं की बंद. आठवडाभर मी ते हातात धरून एकेका रेच्यापाशी उभा राहिलो. बाईने मूठ उचलली, दाब. मूठ संपली, दाब. लिही. पुढचा रेचा.

बाया बिचकल्या. एकीनं पदर सावरला, एक तर माझं लिहून होईपर्यंत थांबूनच राही. "घाल ना बाई कापूस," म्हटलं तर म्हणे, "तुमचं होऊ द्या ना बाबू." कोपऱ्यात बाराव्या रेच्यावर एक बुढी होती, सगळ्यांत जुनी. तिनं पहिल्या दिवशी घड्याळाला हातच जोडले. मी म्हटलं, "आजी, देव नाही तो." तर म्हणाली, "देव नाई तं एवढा भेव काऊन वाटून राह्यला?"

पण आठवड्याचा कागद झकास झाला. एकही बाई जागची हलली नव्हती. वेळ जात होता तो पट्ट्यापायी. पट्टा जुना, ढिला, तासातासाला घसरायचा आणि बाराही रेचे मंदावायचे. माझा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात एकच गोष्ट विचित्र होती. जिनिंगच्या मागे, रुळाच्या बाजूच्या भिंतीशी, कडुनिंबाखाली बायांची लेकरं झोळ्यांत असायची. ती फार रडत होती. मला वाटलं, दात येत असतील.

साहेबांनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"तुम्ही घड्याळ घेऊन पुढ्यात उभे राहिल्यावर कोण हलेल हो?" ते म्हणाले. "अकोल्याच्या एका साहेबांनी मला दुसरी रीत सांगितली आहे. घड्याळ नको. दिवसातून काही वेळा नुसतं दारातून डोकवायचं. जागेवर बाई आहे, बरोबरची खूण. नाही, फुली. परत यायचं. पुष्कळ खुणा जमल्या की खरं चित्र दिसतं."

रीत बरी वाटली. प्रश्न होता, डोकवायचं कधी? हपिसातलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडायचं, साहेबांचं मनगटावरचं पुढे धावायचं, आणि भोंगा वाजवणारा गडी सूर्याकडे बघून भोंगा वाजवायचा. आमच्या गावात घड्याळावर कोणाचाच भरवसा नव्हता. भरवसा होता तो गाड्यांवर. भुसावळकडची पॅसेंजर, तिकडून येणारी पॅसेंजर, मेल, मधल्या मालगाड्या. जेवण, औषध, शाळा, सगळं गाडीवर चालायचं. मीही ठरवलं, गाडीची शिटी झाली की उठायचं आणि दारातून बघायचं. सोपं काम. आठवण ठेवायलाही नको, कारण पॅसेंजरची शिटी झाली की मला तशीही भूक लागायची. लहानपणापासूनची खोड. खिशात फुटाणे असायचेच. ते तोंडात टाकत मी दारात जाऊन उभा राहायचो.

आतमध्ये रुईचा धुरळा. बायांनी नाकातोंडाला फडकी गुंडाळलेली, नुसते डोळे दिसायचे. मी चेहरे बघतच नव्हतो. एक ते बारा जागा बघायच्या आणि खुणा करायच्या, झालं.

आठ दिवसांनी फुल्या मोजल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. दरवेळी बारातल्या चार-पाच जागा रिकाम्या. दरवेळी! सातव्या जागेपुढेही फुल्या, आणि त्या मी माझ्या हाताने मारल्या होत्या. बाराव्या जागेपुढे तर जवळजवळ फुल्यांचीच ओळ. आणि झोळ्यांतली लेकरं या आठवड्यात अगदी शांत.

पहिला कागद म्हणतो, बाया हलत नाहीत. दुसरा म्हणतो, जवळजवळ निम्म्या गायब. जिनिंग तीच, बाया त्याच, मोजणारा गाढव तोच. मी बेरजा केल्या, पुन्हा केल्या, उलट्या केल्या. डोक्याचा पार भुगा झाला. घड्याळानं मला फसवलं की डोळ्यांनी? की आठवड्यातच बाया बिघडल्या? आणि रिकाम्या जागा इतक्या, तर दिवसाकाठी रुईच्या गाठी तेवढ्याच कशा निघतात? हा तर तिसराच घोळ.

घरी गेलो तेव्हा माय भाकऱ्या थापत होती.

"काऊन रे, तोंड काऊन उतरलं?"

"माय, गाडी आली का तू रेचा सोडून कुठी जातं?"

तिचा हात थांबला. "कोन सांगतलं?"

"कोनी नाई. मी पाह्यलं. मी फुल्या मारून राह्यलो ना आठ दिवसापासून."

"फुल्या?" तिनं परातीतून मान वर केली. "अरे बापा! कोनावर?"

मी सगळं सांगितलं. नवे रेचे, बारा बायांचं घरी बसणं, दोन्ही कागद. ती मग हसायला लागली, आणि हसता हसता चिडली.

"घड्याय कोनापाशी आहे आमच्या? गाडीची शिटी झाली का लेकरंवाल्या चौघी-पाचजनी मांगं जातात, लेकराले पाजतात, घोटभर पानी पेतात, येतात. हे तुह्या जलमाच्या आंधीपासून चालू आहे. त्या टिकटिक्यापायी आठ दिवस लेकरं बोंबलत राह्यली, मायायचे पोलके भिजून गेले, पन एकबी हालली नाई. तुह्या भेवानं!"

"आन् मंग रेचे?"

"रेचे कायले थांबन? आपल्या रेच्यावर ढीग टाकतो न् तिच्या रेच्यावर जाऊन उभ्या राहतो. थे कोपऱ्यातली बुढी तं दोन-दोन हाकते."

मी भिंतीला टेकून बसलो. म्हणजे ज्या लेकरांना पाजायला गेल्या होत्या त्यांच्या जागेवर कोणीतरी उभी, तिथं माझी बरोबरची खूण. आणि जी दुसरीसाठी धावली तिची जागा रिकामी, तिच्यावर फुली! फडकी बांधलेल्या बायांत कोण कोण ते मी बघितलंच नव्हतं. शिटीच्या वेळी डोकावलो म्हणून दरवेळी तेच दिसलं. इतर वेळी कधी डोकावलोच नाही.

"उद्याच साहेबाले सांगतो," मी म्हटलं. "सगळं उलगडलं."

"सांगशीन तं पाह्य!" तिनं भाकर तव्यावर आपटली. "तो म्हनन, सात बायात भागते तं बारा कायले? आन् लेकरं फाटकाबाहीर काढन. तुह्या शिक्षनाले चुलीत घाल, पन हे सांगू नोको."

आता मला सांगा, काय करायचं? खोटं लिहावं, म्हणजे फुल्या तशाच ठेवाव्या, तर बारा जणी घरी. खरं लिहावं तर पाच जणी घरी आणि लेकरं उन्हात. आधी मला दोन कागदांचा मेळ बसत नव्हता, आता बसला होता तर तोंड उघडता येत नव्हतं. गोंधळ होता तेच बरं होतं असं वाटायला लागलं.

साहेबांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले.

"हा म्हणतो जागच्या हलत नाहीत. हा म्हणतो जागेवर नसतात. यातली आपली जिनिंग कोणती?"

"दोन्ही, साहेब."

"दोन्ही कसं शक्य आहे?"

मी ततपप केलं. ते म्हणाले, "माझा या फुल्यांवर जास्त विश्वास आहे. समितीची माणसं तीनदा आली, तिन्ही वेळा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बायका झाडाखाली पाहिल्या. परवा परत येताहेत. या खेपेला ठरवूनच जातील."

बाहेर आलो आणि फाटकापाशी थबकलो. समितीची माणसं यायची कशी? एक म्हातारे उंद्रीकडचे मोठे कास्तकार, मोटारीने खामगावला आणि तिथून जलंबवरून पॅसेंजरने. बाकीचे दोघेही पॅसेंजरने. स्टेशनातून उतरून सरळ चालत जिनिंगमध्ये. म्हणजे शिटी झाल्यावर पाच मिनिटांत! ती बिचारी माणसंही माझ्यासारखीच, फक्त गाडीच्या वेळेला डोकावणारी. मला हसू आलं, आणि लगेच रडूही.

परवाला मी स्टेशनवर त्यांना घ्यायला गेलो. साहेबांना वाटलं, पोरगा अदबशीर आहे. गाडी आली. तिघे उतरले. मी म्हटलं, "आधी चहा घ्या." चहा झाला. म्हटलं, "गरम भजे घ्या." दुकानदार म्हणाला, तेल तापायला वेळ लागेल. मी म्हटलं, "लागू द्या." दोघे कुरकुरले, पण उंद्रीचे म्हातारे बाकावर ऐसपैस बसले आणि खिशातलं साखळीचं घड्याळ काढून बघितलं. मीही बघत होतो, तेलाकडे. लेकराला प्यायला किती वेळ लागतो ते मला कुठे ठाऊक! दुसरा घाणा काढायला लावला.

आम्ही आत शिरलो तेव्हा बारा रेच्यांवर बारा बाया. आमचं नशीब असं की पट्टा त्यांच्या समोरच दोनदा घसरला. दोघं पट्ट्याकडे गेले. म्हातारे मात्र एकटेच मागे गेले, कडुनिंबाखाली. मी धावलो. झोळ्यांत लेकरं पोट भरून झोपली होती. त्यांनी एका झोळीला हलकेच झोका दिला, घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भजे चांगले होते," ते म्हणाले. एवढंच. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

बैठकीत ठरलं, आधी पट्टा बदलायचा. नवे रेचे या वर्षी नकोत. मी बाहेर उभा होतो, ऐकलं आणि आनंदानं मायला खूण केली. तिनं फडक्याआडून डोळे मिटले. खरं सांगतो, मनात एक काटा होताच. ती वेळ मी निवडली होती. समितीनं पाहिलेली जिनिंगही खरी नव्हती, मी दाखवलेली होती. पण म्हटलं, जाऊ दे, बारा चुली पेटत्या राहिल्या.

बाराही नाही. संध्याकाळी साहेबांनी मला एक चिठ्ठी लिहायला सांगितली. समितीचं म्हणणं पडलं होतं की एवढ्या फुल्या निघाल्या तर एकीला तरी धडा शिकवला पाहिजे. जिच्यापुढे सगळ्यांत जास्त, तिनं उद्यापासून येऊ नये. जागा नंबर बारा.

"साहेब, ती... ती दुसऱ्या रेच्यावर असते," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी चष्मा काढला. "दुसऱ्या रेच्यावर? म्हणजे एक बाई दोन रेचे चालवते?" ते एकदम पुढे सरकले. "अहो, मग हे महत्त्वाचं आहे. किती बायका अशा दोन-दोन चालवू शकतात?"

मायचं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं. पाच झोळ्या डोळ्यांपुढे आल्या.

"नाही साहेब," मी म्हटलं. "माझी ऐकण्यात चूक झाली." आणि चिठ्ठी लिहिली. माझं अक्षर चांगलं होतं.

चार दिवस मी त्या बुढीच्या घराकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी दुपारी गेलो. रुळापलीकडं एक खोली, दारात ती शेंगा फोडत बसलेली. मला बघून सरकून जागा केली. मला वाटलं होतं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आजी, माह्या हातानं झालं," मी म्हटलं. "तुम्ही दुसरीच्या रेच्यावर होत्या, मी तुमची जागा रिकामी पाह्यली."

"मी तं नेहमीच दुसरीच्या रेच्यावर राहो," ती म्हणाली. "मले एकबी लेकरू झालं नाई. मले कायचं मांगं जा लागे? म्हनून मी उभी राहो."

तेवढ्यात लांबून पॅसेंजरची शिटी झाली. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, मी चार दिवस फुटाणे घेतलेच नव्हते. तिनं ते बघितलं आणि ओंजळभर शेंगदाणे माझ्यापुढे धरले.

"खाय. भूक लागली असन तुले. या गाडीवर तुले भूक लागतेच, लहानपनापासून. शिटी झाली का झोळीत असा बोंबलत जाय तू! तुही माय पाजाले पये न् मी तिच्या रेच्यावर उभी राहो."

गाडी समोरून जात होती, डबे मोजता मोजता तेही चुकले. मी तिच्या हातातले दाणे घेतले आणि गाडी निघून जाईपर्यंत खात बसलो.